ऐकीव पुरावा

आडनावावरून आम्ही हसलो होतो.
फेब्रुआरी. हेस्टर फेब्रुआरी.
पहिल्याच तासाला तिने ते फळ्यावर लिहिलं. म्हणाली,
ज्या महिन्यात माझा खापरपणजा केपच्या धक्क्यावर विकला गेला
तोच महिना खरेदीखतात नाव म्हणून लागला.
लिहिणाऱ्याला जेवायची घाई असावी.
मग फळा पुसला.
चला. पुरावा म्हणजे काय?

ॲबर्डीन. डिसेंबरात साडेतीनलाच अंधार,
ग्रॅनाइटला सुटलेली ओल,
रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे
आणि बाकांवर आम्ही एकशे ऐंशी.
ती दारात क्षणभर थांबायची, रोज,
डोकी मोजल्यासारखी.
आम्हाला वाटायचं, हजेरी.

पुढे कधीतरी कळलं,
तिकडे पाच वर्षं तिला एका वेळी एकाच माणसाशी बोलायची मुभा होती.
दुसरं आलं की तो मेळावा, असं हुकमातच होतं.
भावाच्या लग्नात ती स्वयंपाकघरात बसून राहिली,
वऱ्हाड एकेक करून आत आलं,
हात धुवायच्या निमित्ताने.
नवरी आली तेव्हा नवऱ्याला बाहेर थांबावं लागलं.
फाटकापाशी पोलिसांची गाडी, इंजिन चालू.

तिचं वाक्य छापणं हाही गुन्हा होता.
म्हणून असेल,
कुणाच्या पुस्तकात तळटीप सापडली
की ती बोट ठेवून दाखवायची:
हे बघा, मी. पान एकशे बारा.
आणि कुणालाही अटक नाही.

देश सोडायचा परवाना तिने जपून ठेवला होता.
जाण्याचा रकाना भरलेला. येण्याचा रकानाच नव्हता.
परीक्षेत विचारायची,
दाराबाहेर गाडी उभी असताना केलेली सही
ही संमती का? कारणे द्या. दहा गुण.
मला चार मिळाले.

शनिवारी गेडीसच्या दुकानासमोर ती पाटी घेऊन उभी राही.
केपची फळं घेऊ नका.
खिडकीत नासपतीचे डबे, झाकणावर कारखान्याचं अक्षर ठोकलेलं,
त्या अक्षराच्या कारखान्यात तिची आई
सव्वीस हंगाम नासपती सोलत होती.
म्हणजे आईच्या हातचं घेऊ नका, असं
ही बाई अकरा हिवाळे सांगत राहिली
लोकरी टोपी कानांवर ओढून,
समुद्रावरून येणाऱ्या त्या वाऱ्यात.
आईला कुणीतरी कळवलं. आईने उत्तर धाडलं:
बरं करतेस. साखर फार घालतात मेले.

आई गेल्याचं तिला सहा आठवड्यांनी समजलं.
एका शेजारणीने एका पाद्र्याला सांगितलं,
पाद्र्याने लुसाकात कुणाला,
त्या कुणीतरी फोनवर, मध्येच लाइन तुटत.
त्याच दुपारी आमचा ऐकीव पुराव्याचा तास होता.
ज्याने पाहिलं तो कोर्टासमोर नाही,
जो सांगतो त्याने पाहिलेलं नाही,
म्हणून,
इथे ती थांबली.
खडू हातात तसाच.
म्हणून ग्राह्य नाही, असं लिहिलं,
पुन्हा तेच लिहिलं, खाली,
आणि कोट न घेता निघून गेली.

कायदे बदलले तेव्हा ती तिकडे जाऊन आली. तीन आठवडे.
थडग्याला नंबर होता, नाव नव्हतं, एवढं बोलली.
मग परत आली.
परत म्हणजे नक्की कुठे, हे आम्ही विचारलं नाही.

काल तिची खोली रिकामी करायला मला बोलावलं.
वरच्या फळीवर, जाडजूड ग्रंथांच्या मागे
एक डबा. नासपती. न उघडलेला.
खाली चिकटवलेली गेडीसची पावती,
त्याच्या तिरक्या अक्षरात,
एक डबा, आणि तारीख.

माझी त्या वर्षीची वही अजून आहे.
रात्री काढून पाहिली.
ऐकीव पुराव्याचं पान अर्ध्यावर सुटलंय.
तारीख तीच.

झाकण फुगलंय, टाकून द्या, शिपाई म्हणाला होता.
मी खिशातून पेन्सिल काढली,
लेबलाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलं:
निशाणी १.